गॅरेजमधून आली आणि इंजिन बसलं: आता ते खोलायचं कुणी?

शनिवारी माझ्या मावसभावाने गाडी सर्व्हिसिंगला दिली. ऑइल बदललं, ऑइल फिल्टर बदलला, एअर फिल्टर साफ झाला, बिल चुकतं केलं. रविवारी पहाटे घरचे चौघे पुण्याहून कराडला निघाले. शिरवळ मागे पडलं, खंबाटकीचा चढ सुरू झाला आणि डॅशबोर्डवर तेलाच्या झारीचं चित्र असलेला लाल दिवा लागला. घाटात गाडी कडेला घ्यायला जागा मिळेपर्यंत मिनिटभर गेलं असेल. तेवढ्यात इंजिनातून टकटक ऐकू यायला लागली आणि गाडी बंद पडली. पुन्हा चावी फिरवली तर नुसता 'कट्' असा आवाज. इंजिन सीज झालं होतं, म्हणजे आतले भाग एकमेकांत घट्ट अडकून बसले होते.

त्याने गॅरेजला फोन लावला. पलीकडून आपुलकीने उत्तर आलं, "साहेब, काळजी करू नका. गाडी टो करून पाठवा, आम्ही खोलून बघतो."

ऐकायला हे मदतीचं वाक्य आहे, आणि बहुतेक वेळा ते मनापासूनच म्हटलेलं असतं. तरी ते ऐकल्यावर हो म्हणण्याआधी थांबायला हवं, एवढंच सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे. बसलेलं इंजिन हा या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा असतो. ते एकदा खोललं, की पहिल्यासारखं कधीच होत नाही. बोल्ट किती घट्ट होता, फिल्टर कसा बसला होता, चेंबरमध्ये किती तेल उरलं होतं, हे सगळं पहिल्या तासाभरात पुसलं जातं. शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावला, तर ज्या डॉक्टरांवर संशय आहे त्यांनाच आपण शवविच्छेदन करू देत नाही. ते डॉक्टर निर्दोष असू शकतात. पण मग तेही त्यांच्या भल्यासाठी तिऱ्हाइताच्या हातून सिद्ध व्हायला हवं.

तेल इंजिनात नेमकं करतं काय

इंजिनाच्या तळाशी क्रँक नावाचा दांडा फिरत असतो. हायवेवर तो सहज मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. हा दांडा ज्या गोल बेअरिंगमध्ये फिरतो, त्या दोघांमधली फट केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही कमी असते. त्या फटीत पंप दाबाने तेल सोडतो आणि दांडा त्या तेलावर अक्षरशः तरंगतो. साबणाचं पाणी सांडलेल्या फरशीवर पाय टेकत नाही, पाण्याच्या थरावरून सरकतो, तसंच हे. थर आहे तोवर धातूला धातू लागत नाही. थर गेला, की घासून उष्णता वाढते, बेअरिंगचा मऊ धातू वितळून दांड्याला चिकटतो आणि काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत खेळ आटोपतो.

आता त्या लाल दिव्याबद्दल. तेल कमी झालं की तो लागतो, असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक गाड्यांत तसं नसतं. तो दिवा तेलाचा दाब सांगतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे हे एक, आणि नळाला पाणी जोरात येतंय का हे दुसरं. टाकी रिकामी होत असली तरी तळाशी पाणी आहे तोवर नळ चालूच राहतो. तेलाचंही तसंच. दाब पडून दिवा लागेपर्यंत पंपाला तेल मिळेनासं झालेलं असतं. म्हणून हा दिवा दिसला, की पुढचा पेट्रोलपंप, पुढचं गाव असं काही पाहायचं नाही. जिथे सुरक्षितपणे थांबता येईल तिथे थांबायचं आणि इंजिन बंद करायचं. हे पुढे कायद्याच्या बाजूनेही कामाला येतं, ते सांगतोच.

गॅरेजच्या हातून काय चुकू शकतं

सर्वांत साधं काम म्हणजे ऑइल बदलणं, आणि सर्वांत जास्त घात तिथेच होऊ शकतो. इंजिनाच्या खाली तेलाचं चेंबर असतं आणि त्याच्या तळाला ड्रेन बोल्ट. तो ढिला राहिला, तर धक्क्यांनी निघून जातो आणि लहान गाडीतलं तीन-साडेतीन लिटर तेल रस्त्यावर. तो गरजेपेक्षा जास्त आवळला, तर ॲल्युमिनियमच्या चेंबरमधले आटे मरतात आणि बोल्ट नुसता अडकवल्यासारखा राहतो. म्हणूनच त्याला किती जोर लावायचा हे कंपनी ठरवून देते आणि तो जोर मोजणारा टॉर्क पाना वापरायचा असतो. घाईच्या दिवशी तो पाना भिंतीवरच लटकलेला असतो.

ऑइल फिल्टरची चूक याहून फसवी. फिल्टरच्या तोंडाला एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढताना ती रिंग कधीकधी इंजिनाच्या बाजूला चिकटून राहते. मेकॅनिकने बोटाने चाचपून पाहिलं नाही, तर नवा फिल्टर, त्याची नवी रिंग आणि मध्ये जुनी रिंग अशी चळत बसते. गॅरेजमध्ये पाच मिनिटं इंजिन चालवून पाहिलं, तर थेंबही गळत नाही. हायवेवर बराच वेळ दाब राहिला, की एक रिंग सरकते आणि तेल फवाऱ्यासारखं बाहेर पडतं. तेल जास्त भरणं हीसुद्धा चूकच: फिरता क्रँक त्यात बुडून ताकासारखं घुसळतो, तेलाचा फेस होतो आणि फेसाचा थर धातूला वेगळं ठेवू शकत नाही.

मोठ्या कामात मोठे धोके. टायमिंग बेल्ट किंवा चेन बदलताना झडपा, म्हणजे व्हॉल्व, उघडणारा वरचा कॅम आणि खालचा क्रँक यांच्या खुणा जुळवाव्या लागतात. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व आणि वरखाली होणारा पिस्टनचा दट्ट्या एकाच जागेत आळीपाळीने येतात. टिपरीच्या फेरात एकाचा ताल चुकला की टिपरी बोटावर बसते, तसा इथे ताल चुकला की पिस्टन व्हॉल्ववर आदळतो आणि व्हॉल्व वाकतात. इंजिन थंड ठेवणारं कूलंट बदलल्यावर आतली हवा नीट काढली नाही, तर ती एका जागी अडकते. त्या भागाला पाणी मिळत नाही, इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, तापून वाकतं आणि त्याखालचं सील, म्हणजे गास्केट, जळतं. मग तेलात पाणी मिसळून त्याचा रंग दुधाळ चहासारखा होतो.

आणि पावसाळ्यातली खास चूक. पाण्यात बंद पडलेली गाडी गॅरेजमध्ये आली आणि कुणी उत्साहाने स्टार्टर मारला, तर सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही. तोंड बंद केलेली भरली पिचकारी दाबून पाहा. हात थांबतो. इंजिन थांबत नाही, पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो.

"सर्व्हिसिंगनंतर बिघडलं" एवढं पुरेसं का नाही

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, असं खरोखर होतं. दीड लाख किलोमीटर चाललेल्या गाडीचा ऑइल पंप सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी जाऊ शकतो. रस्त्यातल्या दगडाने चेंबर फुटू शकतं. गॅरेजवाल्याने हे म्हटलं, तर तो खोटं बोलतोय असं धरून चालू नये. त्यालाही न्याय हवा असतो, आणि मी ओळखतो ते चांगले मिस्त्री स्वतःची चूक दिसली की ती मान्य करतात.

कायदाही हेच धरतो. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत जी काळजी, जे कौशल्य अपेक्षित आहे ते नसणं, याला ग्राहक कायद्यात 'सेवेतील त्रुटी' म्हणतात. ही त्रुटी सिद्ध करण्याची जबाबदारी तक्रार करणाऱ्यावर असते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या निकालात स्पष्ट केलं आहे. म्हणजे आपल्याला साखळी दाखवावी लागते: अमुक काम केलं, ते असं चुकलं, त्या चुकीने हा भाग असा गेला. तीन कड्या. मधली कडी इंजिनाच्या आत असते.

गाडी मात्र गॅरेजच्या ताब्यात असतानाच बिघडली असेल, म्हणजे ट्रायल घेताना, पार्किंगमध्ये किंवा हेड उतरवलेलं असताना, तर पारडं आपल्याकडे झुकतं. ठराविक कामासाठी दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणं याला भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये 'निक्षेप' म्हटलं आहे. शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपेल तितकी ती जपणं हे ताबा घेणाऱ्याचं कर्तव्य असतं, आणि नुकसान कसं झालं हे त्याला सांगावं लागतं.

इंजिन खोलण्याआधीचे दोन दिवस

मावसभावाने घाटातच काही गोष्टी केल्या, त्या घाबरलेल्या अवस्थेत सुचल्या याचं मला अजून कौतुक वाटतं. त्याने पुन्हा पुन्हा स्टार्टर मारला नाही. मोबाइलवर डॅशबोर्डचा फोटो काढला, त्यात किलोमीटरचा आकडा आणि लाल दिवा दोन्ही होते. वाकून गाडीच्या पोटाचे फोटो काढले: फिल्टरच्या खालचा सगळा भाग ताज्या तेलाने माखलेला, ड्रेन बोल्ट जागेवर. मागच्या रस्त्यावरच्या तेलाच्या ओघळाचा व्हिडिओ घेतला. गाडी ओढत न नेता फ्लॅटबेडवर चढवली आणि टोइंगची पावती घेतली.

मग गाडी जुन्या गॅरेजला नेली नाही. ओळखीच्या एका ऑटोमोबाइल इंजिनिअरच्या सल्ल्याने दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये नुसती उभी केली आणि तिथल्या मालकाला बजावलं, की पानासुद्धा लावायचा नाही.

त्याच संध्याकाळी गॅरेजला व्हॉट्सॲप आणि ईमेल गेला, दुसऱ्या दिवशी स्पीड पोस्टने तेच पत्र. पत्रात ना शिव्या, ना धमकी. अमुक तारखेला तुमच्याकडे हे काम झालं, इतक्या किलोमीटरनंतर हे घडलं, गाडी इथे उभी आहे, शुक्रवारी ११ वाजता ती तिऱ्हाईत इंजिनिअरसमोर उघडली जाईल, तुम्ही किंवा तुमचा माणूस जरूर हजर राहा, न आल्यास पाहणी तुमच्या अनुपस्थितीत होईल. या संयुक्त पाहणीचं आमंत्रण हे माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं पत्र. समोरचा आला, तर जे दिसेल ते दोघांनी पाहिलेलं असतं. आला नाही, तर 'आमच्या पाठीमागे खोललं' हे म्हणण्याची सोय त्याला उरत नाही.

तिऱ्हाईत म्हणजे कोण? स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअर, परवानाधारक विमा सर्व्हेअर, तंत्रनिकेतनाच्या ऑटोमोबाइल विभागातले अनुभवी शिक्षक. नुसता दुसरा गॅरेजवाला पुरत नाही, कारण इंजिनाचं काम त्यालाच मिळणार असेल तर त्याच्या मताला तेवढं वजन राहत नाही. तज्ज्ञाची फी द्यावी लागते. ती द्या आणि पावती घ्या, ती पुढे भरपाईत मागता येते.

नव्या गाड्यांच्या संगणकात बिघाडाचे कोड साठतात. बॅटरी काढण्याआधी स्कॅनर लावून ते वाचून घ्यावेत आणि प्रिंट ठेवावी. चेंबरमध्ये उरलेलं तेल मोजून, स्वच्छ बाटलीत भरून, वर तारीख आणि दोघांच्या सह्या घालून बंद करावं.

खोललेलं इंजिन काय सांगतं

शुक्रवारी गॅरेजचे मालक स्वतः आले. इंजिनिअरने आधी डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी दाखवणारी पट्टी, ओढली: कोरडी. ड्रेन बोल्ट तपासला: घट्ट. मग फिल्टर काढला आणि उलटा करून दाखवला. नवी रिंग फिल्टरला होती. दुसरी, चपटी होऊन कडक झालेली, एका बाजूने इंजिनाबाहेर सरकलेली. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोराने बघायला पाहिजे होतं."

सगळ्यांच्या बाबतीत इतकं स्वच्छ दिसेल असं नाही, पण इंजिन सहसा काही ना काही सांगतं. तेलाविना गेलेल्या बेअरिंगचा वरचा थर निघून आतलं तांबं दिसतं, दांडा उष्णतेने निळसर पडतो. वाकलेला रॉड पाण्याकडे बोट दाखवतो. पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्वचा कोरलेला चंद्रकोरीसारखा ठसा टायमिंगची गोष्ट सांगतो. बेअरिंगची झीज जुनी असेल, तर तीही दिसते, आणि तेव्हा आपला दावा तेवढा कमी होतो हे मान्य करावं लागतं. काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून लेबल लावून स्वतःकडे ठेवावा. 'भंगार आहे, आम्ही टाकून देतो' याला नम्रपणे नाही म्हणावं.

"दिवा लागल्यावर चालवली कशाला?"

गॅरेजचा हा पहिला प्रश्न असतो आणि तो गैर नाही. करार कायद्यात नुकसानभरपाई ठरवताना, नुकसान वाढू नये म्हणून आपण हाताशी असलेले उपाय केले का, हे पाहिलं जातं. दिवा लागल्यावर वीस किलोमीटर रेटली असेल, तर भरपाई कमी होऊ शकते. घाटात जागा मिळेपर्यंत मिनिटभर गेलं, तर कुणीही समंजस माणूस तेच करेल. म्हणून वेळ आणि जागा नोंदवणं गरजेचं. फोटोंची वेळ, पहिल्या फोनची वेळ, टोल कापल्याचा मेसेज, हे सगळं एकत्र ठेवलं तर मिनिटांचा हिशोब लागतो.

"बोर्डावर लिहिलंय, गाडी मालकाच्या जबाबदारीवर"

असा बोर्ड किंवा गॅरेज कामाची नोंद करतं त्या जॉब कार्डावरच्या बारीक अक्षरांतली ओळ बघून अनेक जण हात टेकतात. टेकू नयेत. दिल्लीतल्या एका हॉटेलात १९९८ साली पार्किंगला दिलेली गाडी चोरीला गेली आणि पावतीवर 'मालकाच्या जोखमीवर' असं छापलेलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या २०१९ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की गाडी ताब्यात घेतल्यावर स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील ओळीने झटकता येत नाही. ते प्रकरण पार्किंगचं होतं, गॅरेजचं नव्हतं, पण ताब्यात घेतलेल्या वस्तूबद्दलचा विचार तोच.

"आधी बिल भरा, मग गाडी न्या"

इथे मात्र गॅरेजच्या बाजूने कायदा आहे. ज्या वस्तूवर त्याने मेहनत केली, तिचा मेहनताना मिळेपर्यंत ती अडवून ठेवण्याचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० ने त्याला दिला आहे. काम चुकीचं झालं असं आपलं म्हणणं असलं, तरी तिथे हुज्जत घालण्यात दिवस जातात आणि गाडी, म्हणजे पुरावा, त्याच्याच ताब्यात राहते. माझा सल्ला: पैसे भरा, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर 'हरकत राखून रक्कम भरत आहे' असं लिहून सही करा, किंवा भरण्याआधी तसा मेसेज पाठवा. पैसे परत मागण्याचा मार्ग खुला राहतो आणि गाडी हातात येते.

"बिलच घेतलं नाही हो"

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे जॉब कार्ड नसतं, हिशोब कॅलेंडरच्या मागे. तरी काम झाल्याचा पुरावा असतो: यूपीआयचा व्यवहार, 'दादा, गाडी झाली का?' हा मेसेज आणि त्याचं उत्तर, फिल्टरचा खोका. मेसेज डिलीट करू नका, फोन बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानुसार अशा डिजिटल पुराव्यासोबत ठराविक नमुन्यात प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते सोबत जोडलं की पुढचे वाद टळतात.

"कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दिली होती, कंपनीच भरून देईल"

दारावर कंपनीचं नाव असलं, तरी डीलर हा बहुतेक वेळा स्वतंत्र व्यावसायिक असतो. गोव्यातल्या एका ग्राहकाला डीलरने जुन्या सालची गाडी नवी म्हणून विकली, त्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उत्पादक कंपनीला माहिती असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय डीलरच्या कृत्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. म्हणून मुख्य विरुद्ध पक्ष ज्याने काम केलं तोच. तरीही कंपनीला ईमेल जरूर पाठवा. वॉरंटीत असलेल्या गाडीच्या बाबतीत आणि डीलरवर दबाव येण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

विम्याचं म्हणाल, तर नेहमीच्या मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड धरलेला नसतो. 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा संरक्षण घेतलं असेल तर अटी शब्दशः वाचा, बऱ्याचदा सदोष कारागिरी त्यातूनही वगळलेली असते. आणि पोलीस? निष्काळजीपणाने इंजिन गेलं हा सहसा दिवाणी विषय आहे. आतले चांगले भाग काढून जुने घातले असतील, तर गोष्ट वेगळी, तिथे विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो.

ग्राहक आयोगाचं दार

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्यातल्या दोन तरतुदी आपल्यासारख्यांसाठी फार मोलाच्या आहेत. पहिली, तक्रार आपण राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही करता येते. पुण्याच्या गॅरेजविरुद्ध साताऱ्यात राहणारा माणूस साताऱ्याच्या आयोगात जाऊ शकतो. दुसरी, आयोगाची पायरी ठरते ती सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर, झालेल्या नुकसानीवर नाही. ५० लाखांपर्यंत मोबदला असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत तक्रारीचं शुल्क शून्य. सर्व्हिसिंगचं बिल काही हजारांचं आणि इंजिन लाखाच्या वर, तरी शुल्क काहीच नाही. वकील बंधनकारक नाही. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते.

मुदत घटनेपासून २ वर्षं. गॅरेजवाला 'बघू, करू' म्हणत राहिला तरी हे घड्याळ थांबत नाही, हे लोक विसरतात.

त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. मराठीत बोलता येतं. तिथून मिटलं तर उत्तम, नाही मिटलं तर आपण प्रयत्न केल्याची नोंद राहते. आयोगात तक्रार दाखल झाल्यावर समोरच्याला उत्तरासाठी ३० दिवस आणि वाढीव १५ दिवस मिळतात. त्यापलीकडे मुदत वाढवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली जुन्या कायद्याखाली ठरवलेलं आहे. कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिने असं उद्दिष्ट दिलं आहे. प्रत्यक्षात तारखा पडतात आणि वेळ जास्त लागतो. ते गृहीत धरूनच उतरावं. निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येतं, पण ज्याला रक्कम द्यायची आहे त्याला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळलाच नाही, तर १ महिना ते ३ वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजारांचा दंड होऊ शकतो.

कंपनीच्या ताफ्यातली, निव्वळ धंद्यासाठी असलेली गाडी असेल, तर ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो.

मागायचं किती, आणि तडजोड कशी करायची

दुरुस्तीचा खर्च, टोइंग, तज्ज्ञाची फी, गाडी बंद असतानाचा प्रवासखर्च, मानसिक त्रास, तक्रारीचा खर्च, हे सगळं मागता येतं. पण ९० हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनाच्या जागी कोरं करकरीत इंजिन फुकट मिळेल, ही अपेक्षा टिकत नाही. जुन्याच्या जागी नवं मिळाल्याने जो फायदा होतो, तो वजा होऊ शकतो. हे आधीच लक्षात घेतलं तर मागणी समंजस राहते, आणि समंजस मागणी लवकर मान्य होते.

मावसभावाचं प्रकरण आयोगापर्यंत गेलं नाही. गॅरेज मालकांनी हाफ इंजिन, म्हणजे क्रँक आणि पिस्टनसकट खालचा अर्धा भाग, आणि मजुरी स्वतः देण्याचं कबूल केलं, मावसभावाने वरच्या भागातल्या जुन्या झिजलेल्या सुट्या भागांचे पैसे दिले. ठरलेलं सगळं कागदावर आलं: कुठल्या बनावटीचे भाग घालायचे, काम कुठल्या वर्कशॉपमध्ये होणार, किती दिवसांत, आणि झालेल्या कामावर एक वर्षाची हमी. गाडी मिळाली त्या दिवशी त्याच्यापुढे 'काम समाधानकारक, माझी कोणतीही तक्रार नाही' अशी चिठ्ठी सहीसाठी आली. तो शांतपणे म्हणाला, "काका, हजार किलोमीटर चालवतो, एकदा घाट चढून येतो, मग सही करतो." मालकांनी मान डोलावली.

महिन्याभराने त्याने सही केली. दोन्ही रबरी रिंगा आणि निळी पडलेली बेअरिंग लेबल लावलेल्या पिशवीत त्याच्या कपाटात आहेत. हमीचं वर्ष आणि कायद्याची दोन वर्षं सरल्याशिवाय ती पिशवी तो टाकणार नाही.